मागून आणलेल्या रंगांची कुंची

कुमे, पाय सरळ कर आणि दिगूच्या अंगावरचा हात काढ. सकाळपासून दोघं भांडताय, मावशीच्या बाळाला गुलाबी कुंची शिवायची की आकाशी. डोकं उठवलंत माझं. आता गप्प पडा. मी एका राणीची गोष्ट सांगते, तिलाही रंगांचं असंच वेड होतं. रडू आलं तर रडा, मी काही म्हणायची नाही. पण आवाज बारीक ठेवा, ही गोष्ट मावशीच्या कानावर जायला नको.

एक होता राजा. राज्य लहान, पण माणूस भला. त्याच्या राणीचं नाव शेवंता. झोपाळ्यावर बसून विडा चघळणारी राणी नव्हती ती, बरं का. हातात सदा सुई. तिच्याकडे एक पेटी होती आणि पेटीत रेशमाच्या लडी. पोपटी, मोरपंखी, अबोली, गुलबक्षी, चिंतामणी. नात्यात कुणाला बाळ झालं की राणीच्या हातचा बाळंतविडा पोचलाच. झबलं, टोपडं, दुपटं आणि कुंची. कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीवर उतरते ना, ती. दिगू, तुझ्या लहानपणच्या फोटोत तू घातली आहेस आणि भोकाड पसरलं आहेस.

मग काय झालं, राणीलाच दिवस गेले. बाळ यायच्या आधी त्याचे कपडे शिवू नयेत म्हणतात. पण राणीला धीर कुठला? तिनं लडी पुढ्यात मांडल्या आणि कुंकवाचा लाल निवडला. टाक्याला टाका लावून कुंची केली. बाळ आलं. मुलगा होता, गोरापान. राणीनं त्याला लाल कुंची घातली. आणि बारशाच्या आदल्या दिवशी बाळ गेलं. हो, गेलं. काय करणार?

राणी रड रड रडली. मग तिच्या मनानं घेतलं, माझा रंग चुकला. पुढच्या खेपेला तिनं आठ दिवस नुसत्या लडी लावून पाहिल्या. राजा म्हणाला, "अगं, कुठलाही घे." राणी म्हणाली, "कुठलाही कसा घेऊ?" शेवटी तिनं हिरवा घेतला, नव्या पालवीचा. मुलगी झाली. ती हसायला लागली, पालथी पडायला लागली, रांगायला लागली. राणीला वाटलं, जमला रंग. आणि एके दिवशी दुपारी ती पोरही गेली.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा राणीनं पेटी उघडलीच नाही. तिचे हात सुईला भ्यायला लागले होते. मग तिनं ठकूबाईला बोलावणं पाठवलं. ठकूबाई म्हणजे गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती राजालाही अरे-तुरे करायची. ठकूबाई आली, राणीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "राणीसाहेब, तुमचा रंग कधीच चुकला नव्हता. फार बरोबर होता, हीच तर खोट झाली."

आणि तिनं सांगितलं. एक म्हातारी असते, तिच्या काखेत रिकामी टोपली असते. तिचं खरं नाव घ्यायचं नाही, आपण तिला नेणारी म्हणू. तिला डोळ्यांनी धड दिसत नाही. पोरं दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत. पण आईनं हौसेनं निवडलेला रंग मात्र तिला चार कोसांवरून दिसतो. त्या रंगाच्या मागानं ती दारात येते आणि टोपली भरून जाते.

"मग मी काय करू?" राणीनं विचारलं.

"मागायचं," ठकूबाई म्हणाली. "तीन घरी जायचं, अनवाणी. पदर पसरायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. जो तुकडा पडेल तो घ्यायचा. हा नको, तो द्या, असं म्हणायचं नाही. त्याची कुंची करायची, तीही तुमच्या हातानं नाही. बाळाला चांगलं नाव ठेवायचं नाही. आणि त्याला माझं म्हणायचं नाही. पहिला दुधाचा दात पडेपर्यंत नाही. तो पडला की नेणारीचा हक्क संपला."

राणी निघाली. राजानं जोडे पुढे केले, तिनं घातले नाहीत. पहिलं घर कुंभारणीचं. तिनं लुगड्याचा तुकडा टाकला, चिखलाच्या रंगाचा. दुसरं घर धनगरणीचं. तिनं घोंगडीचा तुकडा टाकला, काळा आणि टोचरा. तिसरं घर आवडा माळणीचं. आवडाचा नवरा नव्हता आणि एकुलती एक मुलगी मागच्या वर्षी तापानं गेली होती. आवडा बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत गेली आणि मुलीच्या परकराचा घेर फाडून आणला. तो कधीकाळी कैरीच्या रंगाचा होता, आता कसलाच नव्हता. राणीला डोळे मिटूनही फाडल्याचा आवाज ऐकू आला. तिला कळलं, यापेक्षा मोठं दान आपल्याला कुणी दिलेलं नाही.

मग राणी म्हणाली, "आवडा, कुंची तूच शिव. आणि बाळ आलं की तुझ्या ओटीत घालीन."

तसंच झालं. मुलगा झाला. राणीनं त्याला आवडाच्या ओटीत घातलं आणि त्याचं नाव ठेवलं केरू. गावाला सांगितलं, आवडाला हा केरात सापडला, म्हणून केरू, हसू नका. चिखलाचा, काळा आणि विटका, अशा तीन रंगांची कुंची घालून तो पाळण्यात निजला. इतकी वाईट कुंची त्या राज्यात कुणी पाहिली नव्हती. आवडा राजवाड्यातच राहायला आली. केरू तिला आवडाआई म्हणायला लागला आणि राणीला राणीसाहेब. त्याला न्हाऊ घालायची आवडा, भरवायची आवडा, रात्री थोपटायची आवडा. राणी खांबाला टेकून बघत राहायची. आपलंच पोर, आणि हात लावायची चोरी. कसे दिवस काढले असतील तिनं, मला सांगवत नाही.

पहिल्या वर्षी नेणारी आली. उगाच वास काढत आली, टोपली काखेत. म्हणाली, "या वाड्यात मूल आहे म्हणतात. कुणाचं?" राणी म्हणाली, "माझं नाही. माझं असतं तर त्याला असले रंग घातले असते का?" नेणारीनं चाचपून पाहिलं, मान हलवली आणि गेली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा आली. "मूल कुणाचं?" राणी म्हणाली, "माझं नाही." या वेळी तिचा आवाज जरा फाटला. पण नेणारीला कुठे तो कळतोय? ती गेली.

आता ऐका, राणीनं काय केलं ते. कुंची आखूड झाली तशी आवडा दर वर्षी कुंभारणीकडून आणि धनगरणीकडून तुकडे मागून आणायची, तिसरा आपल्या लेकीच्या परकराचा जोडायची आणि केरूचा सदरा शिवायची. राणी समोर बसून बघायची. अरे, जिच्या हातात रंगांची जादू, तिनं चिखलाला काळा जोडलेला बघायचा आणि तोंड मिटून बसायचं. पाच वर्षं बसली. केरूला सहावं लागलं, दात हलायला लागला. राणीला वाटलं, झालंच आता, चार-आठ दिवसांचा प्रश्न. आवडा मळ्यात गेली होती. नवा सदरा पाटावर पडला होता. राणीनं पेटी उघडली, डाळिंबी रेशमाचा एक दोरा काढला आणि गळपट्टीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असे सात टाके घातले. सातच. तुम्ही म्हणाल वेडी आहे. मी तिला वेडी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरू तो सदरा घालून अंगणात आला आणि राणीचं बोट धरून उभा राहिला. तेवढ्यात नेणारी आली. या वेळी तिनं वास काढला नाही, कुणाला काही विचारलं नाही. सरळ चालत आली, केरूच्या मानेपाशी बोट नेलं आणि म्हणाली, "हा रंग मी ओळखते. हा हात मी दोनदा पाहिला आहे." आणि टोपली खाली ठेवली.

राणीनं केरूच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं. म्हणाली, "टाके माझे आहेत. मूल माझं नाही. माझी दोन होती, ती तू नेलीस. हे आवडाचं."

"तू खोटंही बोलत असशील," नेणारी म्हणाली. "मी पोरालाच विचारते." ती वाकली. "बाळ, तुझी आई कोण?"

केरूला त्यात विचार करण्यासारखं काय होतं? तो म्हणाला, "आवडाआई. ती मळ्यात गेलीय."

"मग या कोण?"

"या राणीसाहेब," केरू म्हणाला. "या खूप रडतात."

नेणारीनं टोपली उचलली. राणीला म्हणाली, "पोर खोटं बोलत नाही. तूही तीनदा म्हणालीस, माझं नाही. आता ते तसंच राहील." ती गेली, ती त्या वाड्यात पुन्हा कधी आली नाही. केरू जिवंत राहिला. राणी मटकन खाली बसली. केरूला वाटलं तिला ऊन लागलं, म्हणून तो पाणी आणायला पळाला. गुणी पोर होतं.

मग चार दिवसांनी दात पडला. ठकूबाई म्हणाली, "राणीसाहेब, आता बंधन सुटलं. सांगा त्याला." राणी आवडाच्या खोलीशी गेली. आवडानं ओळखलं, या कशाला आल्या. ती उठून उभी राहिली, म्हणाली, "सांगा, बाईसाहेब. तुमचाच आहे." आणि तिनं हात पदराखाली घेतले. केरू तिच्या पायाला बिलगला होता आणि पडलेला दात राणीला दाखवत होता.

राणीनं दात पाहिला. आवडाकडे पाहिलं. जिनं आपल्या गेलेल्या लेकीचा परकर फाडून दिला, तिच्याकडून हेही मागून घ्यायचं? आणि पोराला तरी काय सांगायचं, तुझी आई तुझी आई नाही म्हणून? नेणारी म्हणाली होती ते खरंच होतं. ते तसंच राहणार होतं. राणी म्हणाली, "छान आहे हो दात. कौलावर टाक, म्हणजे नवा लवकर येईल." आणि परत आली.

काय म्हणालीस, कुमे? नाही, मग कधीच सांगितलं नाही. राजानंही नाही.

केरू मोठा झाला, शहाणा झाला. राजानं आपली गादी त्याला दिली. लोक म्हणाले, राजाचं मन केवढं मोठं, माळणीच्या पोराला राज्य दिलं. गादीवर बसायच्या दिवशी केरू आधी आवडाच्या पाया पडला, तेच बरोबर होतं. मग राणीच्या पाया पडायला वाकला. राणीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रीतीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला, इतकंच. नव्या राजाला वाटलं, म्हातारीचा आपल्यावर जीव आहे.

आणि केरूचं आयुष्य मोठं झालं, त्याला मुलं-नातवंडं झाली, सगळी जगली. आवडा सुखानं राहिली, राजा सुखानं राहिला. राणीही सुखात होती, अगं खरंच होती, लेकरू डोळ्यांसमोर हिंडत होतं ना तिच्या. दिगू झोपला बघ. तूही डोळे पूस आणि मीट आता.