फाटकातला ट्रक

तुळशीराममामांचा एकच ट्रक. मालकही तेच, ड्रायव्हरही तेच. विम्याची मुदत संपायच्या दिवशी ते तो विमा कचेरीत तपासणीला घेऊन गेले, मी सोबत. तिथले चौधरीसाहेब कचेरीच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. म्हणाले, "राहू दे फाटकात. उद्या बघू."

सकाळी म्हणाले, "मुदत रात्रीच संपली. आता हप्ता दुप्पट."

विम्याशिवाय परमिट नाही, परमिटशिवाय भाडं नाही. मामा मात्र पायरीवर विडी ओढत बसले.

तेवढ्यात साहेब सासऱ्यांना आणायला स्टेशनवर निघाले. त्यांची गाडी आवारात आणि फाटकात आमचा ट्रक.

"ट्रक काढा."

"विम्याशिवाय रस्त्यावर? गुन्हा आहे, साहेब."

"मग ढकलून काढा."

"ढकलला तरी रस्त्यावरच जाणार की. कुणाला लागलं, तर भरपाई तुम्ही द्याल?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जुन्याच हप्त्यात विमा करून दिला.