दहावी पायली

एका गावात एक सुईण होती. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती कुणाला भीत नसे. ज्याला नागडा रडताना पाहिलाय, त्याला काय भ्यायचं?

त्या गावाची एक रीत होती. खळ्यावर धान्य मोजताना दहावी पायली देवाची. ती देवळामागच्या पेवात जायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर दगडाचं झाकण, शेणामातीनं सारवून बंद केलेलं. उन्हाळ्यात लोकांच्या कणग्यांतलं धान्य खपलं की ते झाकण काढायचं आणि ज्याच्या चुलीवर काही नाही, त्याला त्यातलं द्यायचं. देव काही ज्वारी खात नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं.

मग गावातला एक जण दूरदेशी शिकून, विद्वान होऊन परतला. पारावर बसून सांगू लागला, "माणूस देवानं घडवलेला नाही. माणूस माकडापासून झाला. पाठीच्या तळाशी हात लावून बघा, शेपटाचं हाड अजून आहे. मग कसला देव आणि कसली त्याची पायली?"

पुजारी खवळला. "तू असशील माकडाचा! आम्ही देवाची लेकरं. दहावा वाटा द्या, देव दहापट देतो."

"देतो ना? मग होऊन जाऊ दे परीक्षा!"

सुईण तिथूनच चालली होती. ती म्हणाली, "अरे, ते हाड मी रोज हाताळते. आणि देवाचं नाव घेतल्याशिवाय एक बाळंतपण करत नाही. दोन्ही एका अंगात नांदतात, तुमचंच काय अडलंय?"

पण बाईमाणसाचं कोण ऐकतो!

ठरलं. निम्म्या गावानं पायली द्यायची, निम्म्यानं नाही. कुणाचं भलं होतं ते पुढच्या मळणीला बघायचं. आणि परीक्षा चोख व्हावी म्हणून तोवर पेव उघडायचं नाही. पुजाऱ्यानं आणि विद्वानानं एकमेकांच्या हातावर हात मारला. जन्मात तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

सुईणीचा मुलगा विद्वानाच्या बाजूला गेला. त्यानं पायली दिली नाही.

त्या साली पाऊस आला नाही. देणाऱ्याच्या शेतावर नाही आणि न देणाऱ्याच्याही नाही. कणग्या उन्हाळ्यातच तळाला लागल्या होत्या. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. पेवावरचं सारवण तसंच.

मुलगा काम शोधायला परमुलखात गेला, तो गेलाच. घरात उरल्या दोघी. सुईण आणि दिवस भरलेली सून. चिंचेचा पाला उकडून खायचा आणि वर पाणी प्यायचं.

एका सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटावर हात ठेवला. पोरीच्या अंगात जोर करायला बळच नव्हतं. वाटीभर पेज पोटात गेली तर वाचेल, नाहीतर नाही.

शेजारणीला उशाशी बसवून ती पुजाऱ्याकडे धावली. "पेव उघडा. सून अडलीय."

पुजाऱ्यानं मान खाली घातली. "मावशी, तुमच्या घरानं पायली दिली नाही. आता उघडलं तर देवाच्या परीक्षेत लबाडी होईल."

ती विद्वानाकडे गेली. तो म्हणाला, "माझ्या घरात दाणा नाही. पण पेवाला मी हो म्हणणार नाही. सून वाचली तर तो म्हणेल, देवानंच जगवली. मळणीपर्यंत कळ काढा."

"मळणीपर्यंत पोटातलं थांबेल होय रे? आणि यंदा मळणी कशाची करणार, धुळीची?"

तिनं घरून पहार आणली आणि भर दुपारी सारवण फोडलं. पुजारी ओरडत आला. "शाप लागेल, मावशी!"

"लागू दे. आधी बाजूला हो."

झाकण सरकलं. आतून कोंदट, गरम वाफ आली. बंद पेवात वाईट हवा साचते, घाईनं उतरलेला माणूस जिवंत वर येत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं दोरीला पणती बांधून आत सोडली. पणती विझली. मग पेवाच्या तोंडाशी ओणवी होऊन ती सुपानं वारा घालत राहिली. हात भरून आले. पुन्हा पणती सोडली. पुन्हा विझली.

तिकडून शेजारणीची हाक आली, "मावशी, बाळ आलं! पण पोर गार पडायला लागलीय!"

सुईण ओठ चावून वारा घालत राहिली. तिसऱ्यांदा पणती तेवत राहिली. ती उतरली, ओटीत ज्वारी भरून वर आली आणि धावत सुटली.

सून गेली होती. डोळे दाराकडे लागलेले. बाळ तेवढं रडत होतं.

अंगणात गाव जमलं. विद्वान म्हणाला, "बघा, हिनं पेव फोडलं. देवानं काही केलं का?"

पुजारी म्हणाला, "केलं नाही? आत जाऊन बघ. सून नेली."

सुईण बाळाला घेऊन बाहेर आली.

"माझी पोर मेली आणि तुम्ही तिला आपापल्या बाजूला ओढताय? माकडीण मेली की दुसरी माकडीण तिचं पिल्लू छातीशी धरते, मी रानात डोळ्यांनी पाहिलंय. देवाची लेकरं तर तुम्ही नाहीच. आणि माकडं म्हणवून घ्यायची तुमची लायकी नाही."

तेव्हा पुजाऱ्याची सून, तीही लेकुरवाळी, पुढे झाली. सासऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बाळ घेतलं, ओट्यावर बसली आणि पदराखाली धरलं.

सुईणीनं ओटीतली ज्वारी जात्यात घातली. पेव उघडंच होतं, बाकीच्या बायका टोपल्या घेऊन तिकडे गेल्या. त्या संध्याकाळी गावात सगळ्यांना पेज मिळाली. एकीला सोडून.

तात्पर्य: माणूस देवाचा की माकडाचा, हा वाद भरल्या पोटी घाला. दारात भुकेला उभा असताना जो परीक्षा घेत बसतो, तो कुणाचाच नव्हे.