वज्रकेश कोणाला भितो?

“पण तेना ऋषीक मारल्यान कित्याक?”

आबा तुळसकरांनी दुपारपासून हेच लावून धरले होते. निळकंठ आता वैतागला.

देवळामागच्या पडवीत दशावतारी मंडळाचे सामान उतरले होते. खेळाला अवकाश होता आणि आबा करवंटीत रंग कालवत बसले होते. या मंडळात आजवर जेवढे असुर झाले, ते सगळे त्यांच्या हाताखालून गेले. निळकंठ त्यातला शेवटचा.

“दुष्ट आसा म्हणान,” तो म्हणाला.

“दुष्ट म्हणजे?”

“दुष्ट म्हणजे दुष्ट. असुर कोणाक भियना नाय.”

आबा रंग कालवत राहिले.

निळकंठाचा आवाज देवळातून निघाला की बाजारापर्यंत ऐकू जाई, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. तरी या हंगामात त्याचा वज्रकेश गर्जना करू लागला, की लोक हसत. बायका तोंडाला पदर लावत, म्हातारे तर उघडच हसत. मंडळाच्या मालकाने कालच बजावले होते, की आज लोक हसले तर सोंग दुसऱ्याला देईन. तेव्हापासून निळकंठाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण असुर करणाऱ्याने झोप उडाल्याचे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आख्यान तसे साधेच होते. असुरांचा राजा वज्रकेश युद्धातून पळून झाडीत लपतो. एक ऋषी त्याला पाहतो, पाणी पाजतो आणि ही गोष्ट कोणाला सांगणार नाही असा शब्द देतो. वज्रकेश पाणी पितो आणि ऋषीचा गळा चिरतो. या खेळात लिहिलेली भाषणे नसतात. समोरचा काय बोलतो ते ऐकायचे आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. गळा चिरताना निळकंठाला काही सुचत नसे, म्हणून तो घसा फाडून ओरडे.

आजही त्याला आबांकडून एखादी नवी गर्जना हवी होती. लोकांची पाचावर धारण बसेल अशी काहीतरी द्या, असे तो पुन्हा पुन्हा विनवत होता.

आबा म्हणाले, तुझ्याने ते व्हायचे नाही. आज वज्रकेश सगुण करील.

...

सगुण मंडळातली राणीची पात्रे करायचा. तो आणि निळकंठ एका वाडीतले, एका ताटात जेवलेले.

“सगुण?”

“होय. तो बरो बोलता.”

निळकंठ उठला, दारातून बाहेर डोकावला आणि परत येऊन आबांच्या अगदी जवळ बसला. त्याने आवाज इतका खाली आणला, की आबांना वाकावे लागले.

“आबा, सगुणाक उजव्या कानान आयकाक येना नाय. मी तेच्या डाव्या बाजूक उभो रवतंय, म्हणान भागता. मालकाच्या कानार घातलात तर...”

पुढचे बोलायची गरजच नव्हती. ज्या खेळात समोरच्याचे ऐकूनच बोलायचे, तिथे बहिऱ्याला कोण ठेवून घेणार?

आबांचा हात थांबला. हे त्यांनाही माहीत नव्हते.

“आणि कोणाक म्हायत आसा?”

“माका एकट्याक.”

“तुका कोणी सांगल्यान?”

“तेनाच.”

बायकोलासुद्धा न सांगितलेली गोष्ट सगुणाने त्याला सांगितली होती. सांगताना तो रडलाही होता. निळकंठाला ते आत्ता आठवले. फार उशिरा आठवले.

आबा रागावले असते तर निळकंठाला बरे वाटले असते.

“वज्रकेशान ऋषीक कित्याक मारल्यान?” त्यांनी पुन्हा विचारले, या वेळी हळूच.

...

“भियान,” निळकंठ म्हणाला. तो आवाज दारापर्यंतही पोचला नसता.

मग आबांनी सांगून टाकले, की सगुणाचे नाव आपण उगाच घेतले. मालकाशी तसे काही बोलणे झालेलेच नाही.

निळकंठाने आबांचे पाय धरले आणि मी काही बोललोच नाही असे समजा, म्हणून गयावया केली. आबा म्हणाले, मालकाला मी सांगणार नाही. पण ऐकले ते ऐकले.

बाहेर अंगणात सगुण लुगडे नेसता नेसता कोणाशी तरी हसत होता. त्याला यातले काहीच कळणार नव्हते. हे लक्षात आले तसा निळकंठाचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला किळस आली.

तरी त्याने करवंटीकडे हात नेला.

“मगे आज वज्रकेश मीच मा?”

आबांनी करवंटी आपल्याकडे ओढून घेतली.

“भायर जावन सगुणाक सगळा सांगलंस, तर रंग लावन वज्रकेश होशीत. नाय सांगलंस, तर तुका रंग कित्याक व्हयो?”