पालथं घमेलं

“ओळंब्याला बाईने हात लावायचा नाही,” भिकाजी मिस्त्री म्हणाले. “आणि का, ते विचारायचं नाही.”

“मी ‘का’ असं विचारलंच नाही,” शेवंता म्हणाली. “मी सही मागितली.”

शाळेच्या नव्या खोलीची भिंत छातीपर्यंत आली होती. लिंबाखाली केरबा आणि तातोबा चहा पीत बसले होते. दोघेही जुने गवंडी, दोघांनीही मिस्त्रींच्याच हाताखाली थापी धरलेली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बशीत फुंकर मारली.

तालुक्याला गवंड्यांची परीक्षा होती. पास होईल त्याला दाखला मिळणार होता, आणि दाखला असेल त्यालाच नव्या पुलावर गवंडी म्हणून घेणार होते. बाकीचे सगळे बिगारी. शेवंताच्या हातातल्या फॉर्मवर तळाशी एक ओळ छापलेली होती: उमेदवाराने माझ्या हाताखाली पाच वर्षे गवंडीकाम केले आहे. त्याखाली सहीची जागा रिकामी होती. आज शेवटची तारीख.

“गवंडीकाम?” केरबा हसला. “घमेली वाहिलीस म्हण की.”

“नऊ वर्षं झाली, केरबाकाका.”

“मग नऊ वर्षं घमेली वाहिलीस.”

“माल वाहून दाखला मिळत असता,” तातोबा म्हणाला, “तर आमचं गाढव आज इंजिनियर असतं.”

शेवंताने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते.

सहा वर्षांपूर्वी मिस्त्रींची नजर गेली होती. अगदी पूर्ण नाही. माणूस दिसायचा, भिंत दिसायची, पण भिंत सरळ आहे का ते दाखवणारी ओळंब्याची दोरी दिसायची नाही. हे मिस्त्री आणि शेवंता या दोघांनाच ठाऊक होतं. मिस्त्री फळीवर चढून दोरी सोडायचे, मान तिरकी करायचे. खाली शेवंता विटांवर घमेलं टेकवायची. एकदा वाजलं की भिंत सरळ. दोनदा वाजलं की वाकडी. मग मिस्त्री गरजायचे, “उतरवा थर! डोळे कुठे ठेवलेत?”

सहा वर्षांत त्यांची एक भिंत वाकडी गेली नव्हती. लोक म्हणायचे, म्हातारा झाला, पण नजर बघा.

“मिस्त्री,” शेवंता जवळ जाऊन म्हणाली, “काम कुणी केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“हळू बोल.”

“मी कुणाला काही सांगणार नाही.”

“तू नाही सांगणार. सही सांगेल.” मिस्त्रींनी लिंबाकडे मान वळवली. “हिला कुणी शिकवलं, कधी शिकवलं, का शिकवलं... लोक विचारतील. मग माझ्यापाशी काय उरतं?”

“तुम्ही शिकवलंत, ते उरतं.”

“मी तुला काही शिकवलं नाही. तू बघून बघून चोरलंस.”

“मग चोरलं असं लिहा. पण खाली सही करा.”

मिस्त्रींनी फॉर्म घेऊन त्याची घडी घातली, एक वीट उचलली, आणि घडी तिच्याखाली ठेवून दिली.

“चल. थर तपासून घेऊ.”

ते फळीवर चढले. केरबा आणि तातोबा कपबशा ठेवून उभे राहिले. मिस्त्री ओळंबा सोडताना कुणी बसत नसे.

शेवंता तिच्या पहिल्या वर्षापासून हे बघत आली होती. त्या वर्षी केरबाची भिंत बोटभर वाकडी गेली होती, आणि मिस्त्रींनी ती सगळ्यांदेखत लाथेने पाडली होती. “वर प्लास्टर होणारच आहे,” केरबा कुरकुरला होता. “प्लास्टर बघणाऱ्यासाठी असतं,” मिस्त्री कडाडले होते. “भिंत कुणासाठी असते?” केरबा पडलेल्या विटा गोळा करू लागला होता. शेवंताला उत्तर आलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

दोरी सुटली. ओळंबा हेलकावला, स्थिर झाला.

भिंत बोटभर बाहेर गेली होती.

शेवंताने विटेखालची घडी पाहिली. मग तिने डोक्यावरचं रिकामं घमेलं उतरवलं, मऊ वाळूवर पालथं घातलं, आणि त्यावर बसली.

मिस्त्रींनी मान तिरकी केली. वाट पाहिली.

आवाज आला नाही.

“शेवंते...”

“नाही.”

“काय झालं?”

“ओळंब्याला बाईचा हात चालत नाही ना, मिस्त्री? मग डोळाही चालायचा नाही.”

केरबाने ओळंब्याकडे पाहिलं. पालथ्या घमेल्याकडे पाहिलं. मग मिस्त्रींच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. तातोबाने खाली बघितलं. दोघांनाही भिंत दिसत होती.

...

मिस्त्रींनी दोरी वर घेतली. सावकाश, चाचपडत ओळंब्याला गुंडाळली.

“चालू द्या काम,” ते म्हणाले. “वर प्लास्टर होणारच आहे.”