गोभिलाचा हत्ती आणि तिष्येचा माठ

फार पूर्वी शूर्पारक नगरात वज्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका चिताऱ्याच्या कुळात जन्मला होता. राजाचे काम एवढेच, त्याने राज्य करीत राहावे. आता त्याला तिथेच बसू द्या आणि माझ्याबरोबर बाजारात चला.

वेशीतल्या वडाखाली तिष्या नावाच्या कुंभारणीचे दुकान होते. शेजारी गोभिल श्रेष्ठीचे. गोभिलाच्या पदरी बारा कुंभार. तिष्येच्या पदरी तिचेच दोन हात. गोभिलाला वडाची सावली हवी होती. आणि कुंभारांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या मंडळाचा, नियम असा की, वैशाखातल्या तीन दिवसांच्या बाजारात शेजाऱ्या-शेजाऱ्यांपैकी ज्याचा माल जास्त उरेल, त्याने जागा सोडावी आणि दुसऱ्याने ती घ्यावी. नियम करणाऱ्यांची दुकाने अर्थात दुसऱ्या गल्लीत होती.

गोभिलाने बोधिसत्त्वाला बोलावून दुकानावर पाटी रंगवायला सांगितली. बोधिसत्त्वाने एक सुबक माठ काढला. गोभिल म्हणाला, छान आहे, पण हत्ती हवा. हत्ती आला. तो सोंडेने पाणी उडवू लागला. मग गोभिलाचा मेहुणा आला. त्याला चित्रातले काही कळत नव्हते, म्हणून त्याचे मत फार ठाम होते. तो म्हणाला, हत्ती मोठा करा. हत्ती मोठा झाला. आणखी मोठा झाला. शेवटी त्याचा एक कान तिष्येच्या छपरावर गेला आणि माठ त्याच्या पायाखाली कुठेतरी राहिला.

इथवर बोधिसत्त्व सांगितले तसे रंगवीत गेला. हत्तीने कुणाचे वाईट होत नाही. पण मेहुण्याला पुढची कल्पना सुचली. सगळ्या माठांना आतून-बाहेरून लाखेचा रंग द्यायचा आणि वर कमळे काढायची. काम मोठे होते; चिताऱ्याच्या घरचे वर्ष निघाले असते.

बोधिसत्त्व म्हणाला, “हे मी करणार नाही, श्रेष्ठी.”

“का? कमळं येत नाहीत?”

“येतात. पण माठ अंगातून पाझरतो, म्हणून पाणी गार होतं. लाख लावलीत की तो पाझरायचा थांबला. लोक कमळं पाहून नेतील आणि कोमट पाणी पितील.”

मेहुणा म्हणाला, “आधी नेतील तर खरं.”

गोभिलाने दुसरे चितारी लावले. अशा कामाला दुसरे चितारी लगेच मिळतात.

संध्याकाळी तिष्या बोधिसत्त्वाकडे आली. हातात एक सुरई होती. मजुरी म्हणून तेवढेच होते. म्हणाली, “चितारीदादा, मलाही एक हत्ती काढून दे. लहान असला तरी चालेल.”

बोधिसत्त्व तिचे दुकान पाहायला गेला. माठ चांगले होते, पण तिने ते एकावर एक रचून अंधारात कोंबले होते. त्या नगरात बोटाच्या पेराने वाजवल्याशिवाय कुणी माठ घेत नसे. आणि ही बाई, कुणी बोट पुढे केले की ओरडे, “फोडशील मेल्या!” गिऱ्हाईक दचकून पळे. मग ही दिवसभर म्हणे, बाजारात उठाव नाही.

बोधिसत्त्व म्हणाला, “तिष्ये, रंग नको. एक माठ पुढे ओल्या वाळूत ठेव. पाणी भर, वर ओगराळं ठेव. येईल त्याला पाज. बाकीचे एकेक मांड आणि वाजवू दे लोकांना.”

“फुटला तर?”

“वाजवून फुटणारा माठ तू विकणार होतीस?”

तिष्या गप्प झाली. शूर्पारकात ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे सांगत. बोधिसत्त्वाने तिला प्रत्येक माठाच्या गळ्याशी गेरूत बुडवलेल्या अंगठ्याचा ठसा उमटवायला सांगितला, म्हणजे माठ कुणाचा ते ओळखू येईल. सुरई मात्र त्याने घेतली नाही.

बाजाराच्या पहिल्या दिवशी हत्तीखाली झुंबड उडाली. दुपारपर्यंत गोभिलाचे दुकान रिकामे. तिष्येचे सात माठ गेले. मेहुणा वडाखाली येऊन पावलांनी जागा मोजून गेला.

दुसऱ्या दिवशी कमळे परत येऊ लागली. डोक्यावर, काखेत, बैलगाडीत. एक म्हातारी म्हणाली, “श्रेष्ठी, तुझ्या हत्तीला आंघोळ घाल या पाण्यानं. त्याला ऊन पाणी सोसेल.” माठ परत करून लोक घसा कोरडा म्हणून शेजारी पाणी प्यायला थांबत, आणि ठसेवाला माठ वाजवून घेऊन जात.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोभिल परत आलेल्या माठांच्या मधोमध बसला होता. मेहुण्याला अचानक गावी काम निघाले होते. बोधिसत्त्व शिडी घेऊन आला. हत्तीच्या सोंडेतले पाणी पुसून त्याने तिथे तेलाची धार काढली आणि खाली पेटता दिवा. म्हणाला, “श्रेष्ठी, लाखेचं मडकं तेल पीत नाही. माठ म्हणू नका, तेलाचं मडकं म्हणा. खरं सांगून विका.” बंदरावरचे तेली आले, मडकी वाजवली आणि सूर्य कलायच्या आत सगळी घेऊन गेले.

श्रेणीचे म्हातारे मोजायला आले. गोभिलाकडे काहीच उरले नव्हते. तिष्येकडे एक माठ होता, वाळूतला, पाणी पाजायचा. एक तर एक. नियमाने वड गोभिलाचा झाला.

तिष्येने बोधिसत्त्वाकडे पाहिले. ती ओरडली नाही. ओगराळे पुसून बाजूला ठेवू लागली.

गोभिल बराच वेळ वडाकडे पाहत होता. मग त्याने पुढे होऊन माठ वाजवला आणि म्हणाला, “हा मला दे, बाई. माझ्या घरी सगळे कमळांचेच आहेत. तीन दिवस झाले, गार पाण्याचा घोट नाही.”

दोन्ही दुकाने रिकामी झाली. असे झाले तर काय करावे हे नियमात नव्हते. म्हातारे विचार करायला वडाखाली बसले आणि, मी ऐकले ते खरे असेल तर, विचार करता करताच वारले. तिष्या होती तिथेच राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका भिक्षूसाठी. भिक्षा जास्त मिळावी म्हणून त्याने पात्रावर मोर काढून घेतला होता. तो भिक्षू तेव्हा गोभिल होता. जिच्या साध्या कांजीची वाट सगळा संघ पाहतो ती म्हातारी उपासिका, ती तिष्या. चितारी स्वतः शास्तेच होते. मेहुणा अजून जन्म घेतोच आहे; तो कुणाच्या घरी आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक.

वस्तू आहे तशी दाखवावी, आणि चुकलेल्यालाही खरे विकायची वाट दाखवावी, हीच सत्यपारमिता, सत्याची पूर्णता.