उद्या सर

"पण सर, तुम्ही मला नेमकं शिकवलंत तरी काय?"

बोलून गेल्यावर ज्योत्स्नाला वाटलं, आपण जरा उद्धटच विचारलं. पण शब्द तोंडातून सुटले होते.

तांबोळी सरांनी कपबशी खाली ठेवली. मिशीला लागलेला चहा रुमालानं टिपला.

"काहीच नाही," ते म्हणाले.

ज्योत्स्ना हसली. मोठी माणसं असंच बोलतात, हे तिला ठाऊक होतं. आता ती पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दीडशे माणसांच्या वर बसत होती. तिथेही मोठी माणसं असंच बोलत.

शिक्षकदिनाला कंपनीत कार्यक्रम होता. विषय 'माझे गुरू'. पहिलं भाषण ज्योत्स्ना ढोके यांचं. तिनं पहिलं पान झरझर लिहिलं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, बारावीनंतर पैनगंगेकाठच्या आपल्याच तालुक्यात आयटीआयला घेतलेला प्रवेश. तिसरं पानही झरझर झालं. नोकरी करता करता मिळवलेली पदवी, पुणे, परदेशच्या फेऱ्या. मधलं पान मात्र काही केल्या भरेना. त्या पानावर तांबोळी सर यायला हवे होते.

म्हणून रविवारी सकाळी ती गाडी घेऊन थेट त्यांच्या दारात आली होती. मनात आणखीही एक बेत होता. सरांना पुण्याला न्यायचं, स्टेजवर बसवायचं, शाल घालायची. आपल्यासारख्या मुलीनं पाय धरले की सभागृह उभं राहील, हेही तिनं मनातल्या मनात पाहून ठेवलं होतं.

"सर, खरंच सांगा ना. तुम्ही शिकवलेलं एकही प्रोग्रॅमिंग आज कुठे चालत नाही. सगळं जुनं झालं. बाकीचं मी माझं मी शिकले. मग मी तिथे काय सांगू?"

"खरंच सांगतोय. मी टर्नर माणूस. लेथपुढे उभं राहण्यात अर्धं आयुष्य गेलं. संस्थेत कॉम्प्युटर आले, शिकवणारं कोणी आलं नाही. साहेब म्हणाले, तांबोळी, कोणी येईपर्यंत तुम्ही सांभाळा. मला तेव्हा माऊस कसा धरायचा तेही माहीत नव्हतं."

"पण आम्ही काही विचारलं की तुम्ही म्हणायचात..."

"मला येत नाही. तू शोधून काढ आणि उद्या मला सांग."

"तेच! ती तुमची शिकवायची पद्धत होती ना?"

"पद्धत कसली, बेटा? खरंच येत नव्हतं."

...

पंखा कुरकुरत फिरत होता. ज्योत्स्नानं बिस्किट उचललं आणि पुन्हा ठेवलं.

वर्गात त्यांना सगळे 'उद्या सर' म्हणत. मागच्या बाकावर फिदीफिदी हसू उठायचं. सरांना ते कधी कळलं नसेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"ते नाव तूच ठेवलं होतंस ना?" सरांनी विचारलं.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"सर, तेव्हा लहान होते..."

"चांगलं होतं की. माझ्या बायकोला, शकिलाला, फार आवडलं होतं. ती जाईपर्यंत मला उद्या सरच म्हणायची."

ते मनापासून हसले. ज्योत्स्नाला हसता आलं नाही.

तिला ते दिवस आठवले. दुसऱ्या दिवशी हा माणूस खरंच वही घेऊन तिच्या बाकावर येऊन बसायचा. "हं, सांग." ती सांगायची. त्यांना कळायचं नाही. ती पुन्हा सांगायची. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग कधीतरी ते मान डोलावून वहीत लिहून घ्यायचे. "सर, अजून किती वेळा सांगू?" असं ती एकदा सगळ्यांसमोर खेकसलीही होती. तेव्हा ते म्हणाले होते, "मला कळेपर्यंत."

दुपारी वर्ग रिकामा असला की कॉम्प्युटरच्या शेडची किल्ली मात्र तिच्याच हातात देऊन जायचे.

"चल," सर गुडघ्यावर हात देऊन उठले. "वर्गाची वेळ झाली. बसतेस?"

सरांच्या घराची मागची खोली म्हणजे वर्ग. निवृत्तीनंतर त्यांनी तो फुकटच सुरू केला होता. चार जुने कॉम्प्युटर, तीन बाक, एक फळा. दोन कॉलेजच्या मुली होत्या, एक अंगणवाडीच्या बाई होत्या, मोटारींचं वाइंडिंग करणारे एक काका होते. ज्योत्स्ना भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. आता सर शिकवतील, आपण मोबाईलवर थोडं टिपून घेऊ, असा तिचा विचार होता.

सर फळ्याकडे गेलेच नाहीत. पहिल्या बाकावर बसले आणि वही उघडली.

फळ्यापाशी तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी उभी राहिली. काळीसावळी, केस घट्ट बांधलेले.

"ही आचल. आचल टेकाम," सर मागे वळून म्हणाले. "आता हीच आम्हाला शिकवते."

मुलीनं ज्योत्स्नाकडे पाहून मान लववली आणि खडू हातात घेतला.

ती छान शिकवत होती. अंगणवाडीच्या बाईंना पोषण आहाराची यादी कॉम्प्युटरनं आपोआप कशी लावायची, ते दाखवत होती. मध्येच सरांनी हात वर केला. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हात शाळकरी मुलासारखा सरळ.

"दोन अंगणवाड्यांनी एकदम यादी भरली तर कोणाची राहील?"

आचल थांबली. खडूकडे पाहत तिनं विचार केला.

"मला येत नाही, सर. शोधून उद्या सांगते."

मोबाईलवर टिपणारं ज्योत्स्नाचं बोट थांबलं.

हे वाक्य तिनं ऐकलं होतं. याच आवाजात. आठ महिन्यांपूर्वी.

मुलाखत कॉम्प्युटरवरच होती. त्या दिवसातली ती अकरावी मुलगी. कॅमेरा खराब, चेहरा धड दिसत नव्हता. ज्योत्स्नानं आपला नेहमीचा प्रश्न टाकला होता. एसटीत एकच सीट उरली आहे, दोन माणसांनी एकाच क्षणी ती बुक केली, तर दोघांनाही तिकीट जाऊ नये म्हणून काय कराल? मुलीनं प्रश्न पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, "मला येत नाही, मॅडम. शोधून उद्या सांगितलं तर चालेल?"

ज्योत्स्नानं तिला उत्तर सांगून टाकलं होतं. मग शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून म्हणाली होती, "उद्या सांगते म्हणे! मग नोकरीही उद्याच देऊ म्हणावं."

दोघंही मोठ्यानं हसली होती. आवाज बंद करायचं बटण आपण आधी दाबलं की नंतर, हे तिला आता काही केल्या आठवेना.

तिथे बसवेना. ती ओसरीवर आली. मोबाईल काढून मेलमध्ये नाव शोधलं. आचल टेकाम.

मेल होता. मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवसाचा. न उघडलेला.

'आदरणीय मॅडम, काल सांगते म्हटलं होतं म्हणून लिहीत आहे. तुम्ही सांगितलेलं उत्तर एकाच मशीनवर बरोबर येतं. पण बुकिंग दोन मशीनवर चालू असेल तर सीट दोघांनाही जाते. मी दोन जुने कॉम्प्युटर जोडून सात वेळा करून पाहिलं. सातपैकी पाच वेळा गेली. माझं काही चुकत असेल तर कृपया सांगा. मला शिकायचं आहे.'

खाली तिनं केलेलं सगळं काम जोडलं होतं, शेवटच्या ओळीपर्यंत.

ज्योत्स्नानं ते दोनदा वाचलं. मुलीचं कुठेच चुकत नव्हतं. सहा वर्षं ती हा प्रश्न विचारत होती. सहा वर्षं शेवटी तेच उत्तर सांगून समोरच्याची कीव करत होती. कितीजणांना तिनं परत पाठवलं होतं, कोण जाणे.

आचल पाणी प्यायला ओसरीवर आली. माठातून तिनं आधी ज्योत्स्नासाठी पेला भरला.

ज्योत्स्नानं तो घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"आचल... तू मला ओळखलंस?"

"हाव, मॅडम. तुम्ही आल्या आल्याच."

"त्या दिवशी मी शेवटी जे बोलले..."

"ऐकू आलं होतं."

ती ते साधेपणानं म्हणाली. आवाजात ना राग, ना रडू. ज्योत्स्नाला वाटलं, हिनं चार शब्द सुनवावेत. निदान तोंड फिरवावं.

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"काहून?" वीस वर्षांत ज्योत्स्नाच्या तोंडी न आलेला शब्द आज आपोआप आला.

आचलनं आपलं पाणी पिऊन पेला पालथा घातला.

"सर प्रत्येक नव्या माणसाला तुमचं नाव सांगतात, मॅडम. म्हणतात, मला कॉम्प्युटर ज्योत्स्नानं शिकवला. त्यांना मी हे कसं सांगू?"

...

"मी उद्या ऑफिसात बोलते," ज्योत्स्ना घाईघाईनं म्हणाली. "तुझी पुन्हा मुलाखत लावते. लावते म्हणजे, तू थेटच..."

"मी एक तारखेला नागपूरला एका कंपनीत रुजू होते आहे, मॅडम. त्यांनीही असंच एक विचारलं होतं. मी उद्या सांगते म्हटलं." ती थोडी हसली. "ते थांबले."

ती आत गेली.

ज्योत्स्ना ओसरीवर उभी राहिली. गाडी समोरच होती, ड्रायव्हर आरसा पुसत होता. सरांना बाहेरूनच हात करून निघून जाता आलं असतं. आचल बोलणार नव्हती. कोणाला काहीच कळलं नसतं, आणि शिक्षकदिनाला शालही घालता आली असती.

तिनं चपला काढल्या आणि ती आत गेली.

सरांच्या बाकासमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं. मुलाखत सांगितली, तो प्रश्न सांगितला. ज्या वाक्यावर हसली होती, ते वाक्यही तिनं तसंच्या तसं उच्चारलं. न उघडलेला मेल सांगितला. आपलं उत्तर सहा वर्षं चुकत होतं, तेही सांगितलं. वाइंडिंगवाले काका खाली पाहत होते. अंगणवाडीच्या बाईंनी पेन बंद करून ठेवलं होतं.

तिनं वर पाहिलं नाही. सरांच्या उघड्या वहीवर तिची नजर खिळली होती. वाकड्यातिकड्या अक्षरांत वर तारीख होती, खाली आजचा धडा अर्धा लिहिलेला होता, आणि समासात लिहिलं होतं, 'दोन अंगणवाड्या. आचल सांगेल.'

सरांनी पेनाला टोपण लावलं. जाऊ दे, म्हणाले नाहीत. असं कसं केलंस, असंही म्हणाले नाहीत.

...

"मला वाटलं, भाषणात तुमचं तेवढं एक पान भरायचं राहिलंय," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज फाटला. "बाकीची पानं मला माझी एकटीची वाटत होती ना! सर, मी आता तिथे जाऊन कोणत्या तोंडानं बोलू? काय सांगू लोकांना?"

तिच्या पाठीमागे खडूचा आवाज सुरू झाला. आचलनं धडा पुढे लिहायला घेतला होता.

सरांनी मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि अगदी मायेनं म्हणाले,

"जरा बाजूला हो, बेटा. फळा दिसत नाही."