धुरपदेच्या गोफणीचा पल्ला

फार पूर्वी डोंगराआड एक गाव होतं. पलीकडच्या राजाला ते हवं होतं. घाट अवघड, सैन्य उतरेना. मग त्याने गरुड शिकवले. पायांत निखाऱ्यांची मडकी धरून ते यायचे आणि गवताच्या छपरांवर सोडून जायचे.

त्या गावात धुरपदा नावाची बाई होती. जोंधळ्यावरची पाखरं हाकून हाकून तिचा गोफणीवर हात बसला होता. तिने सहा जणींना शिकवलं आणि धान्याच्या कोठाराभोवती पहारा लावला. पुढच्याच हल्ल्यात चार गरुड पडले, बाकीचे माघारी वळले.

पाटील खूश झाले. म्हणाले, "धुरपदा, उद्या चावडीवर सांगून टाक, आता गावावर एकही निखारा पडणार नाही. लोकांना धीर येईल. सोन्याचं कडं मी स्वतः तुझ्या हातात घालीन."

धुरपदेला कडं हवंसं वाटलं. आजवर तिला कुणी साधी चोळीही दिली नव्हती. पण चावडीवर उभी राहिल्यावर तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

"माझा दगड दोन ताडांइतका वर जातो. त्याहून उंच गरुड असला, तर मी नुसती बघत राहीन. आम्ही सात जणी सगळं गाव झाकू शकत नाही. कोठार मात्र राखू. त्याच्या झरोक्यात निखारा टाकायला गरुडाला खाली यावंच लागतं. आणि गरुड पाडला तरी मडकं खालीच पडणार! म्हणून छपरं मातीने लिंपा. टेकडीवर शिंगवाला बसवा. शिंग वाजलं की तळघरात जा."

"मग तुझा उपयोग काय?" नारबा कोष्टी ओरडला. लोक हसले.

पाटलांनी हात वर करून हसणं थांबवलं. मग त्यांनी विचारलं, "माती कुठली चांगली? ओढ्याकाठची?"

आठ दिवस गाव छपरं लिंपत होतं. नारबाने तेवढं आपलं छप्पर लिंपलं नाही. "गोफणी आहेत की!" म्हणाला.

दहाव्या दिवशी दुपारी शिंग वाजलं. गरुड खूप उंचावरून आले. दगड वाटेतच खाली वळले. धुरपदेच्या डोळ्यांत पाणी आलं. मडकी छपरांवर फुटली, पण मातीच्या थरावर निखारे विझून गेले. मग पाच गरुड कोठारावर झेपावले.

"थांबा गं… अजून येऊ द्या… आता!"

तीन पडले, दोन पळाले. एक मडकं कोठाराच्या दारात फुटलं, ते बायांनी घागरी ओतून विझवलं. धान्य वाचलं.

नारबाचं घर तेवढं जळालं. शिंग ऐकून तो तळघरात गेला होता, म्हणून जिवंत राहिला. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, तू सांगितलं होतंस."

"ते राहू दे. वासे कुठून आणायचे ते बोल," धुरपदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सारं गाव नारबाच्या अंगणात माती तुडवत होतं.

तात्पर्य इतकंच: आपल्या हाताचा पल्ला जो खरा सांगतो, त्याच्या पहाऱ्यावर विसंबावं, आणि त्या पल्ल्यापलीकडचं सगळ्यांनी मिळून सांभाळावं.